'पिटातला प्रेक्षक' यातला पिट नेमका कुठला?

दगडीपार

हौशी नाट्यमंडळाच्या स्मरणिकेत शेवटची दोन पानं रंगभूमीवरच्या शब्दांना दिली आहेत. विंग, झालर, फूटलाइट, तिसरी घंटा हे सगळं लिहून झालं. गाडी अडली ती 'पिट' या शब्दापाशी. 'पिटातला प्रेक्षक', 'पिटातल्या टाळ्या', 'हे वाक्य पिटासाठी टाकलंय' असं आपण सगळेच बोलतो, पण हा शब्द आला कुठून यावर संपादक मंडळात तीन तट पडलेत.

पहिल्यांचं म्हणणं, मूळ शब्द संस्कृत 'पीठ', म्हणजे आसन. व्यासपीठातलाच. बोलताबोलता ठ चा ट झाला. दुसऱ्यांचं म्हणणं, टाळ्या पिटणारे जिथे बसतात ते पिट. तिसरे सरळ इंग्रजी पिट म्हणतात, खड्डा या अर्थाने. मला तिसरं पटतं, पण 'खड्डा दाखव' म्हटलं की माझी बोलती बंद होते. आपल्या नाशिकचं कालिदास कलामंदिर घ्या किंवा साईखेडकर नाट्यगृह, पहिल्या रांगेतला माणूस काही खड्ड्यात बसलेला नसतो.

आणखी एक गोम आहे. पिटातला प्रेक्षक म्हणजे स्वस्त तिकिटाचा, शिट्ट्या मारणारा. पण नाटकाला तर पुढच्या रांगाच सगळ्यात महाग. मग हा स्वस्तातला माणूस बसायचा कुठे?

अर्थ, उगम आणि 'पिट' लिहायचं की 'पीट', एवढं कळलं तर पान लावता येईल. सोमवारी सकाळी फाइल द्यायची आहे.

जुनीजाहिरात

तिसरा तट बरोबर आहे, आणि खड्डाही खरा आहे. फक्त तो लंडनमध्ये आहे आणि कोंबड्यांसाठी केलेला आहे.

सुरुवातीपासून सांगतो. इंग्रजीतला पिट हा फार जुना शब्द, आणि तोही उसना. लॅटिनमध्ये विहिरीला 'पुतेउस' म्हणत, त्यावरून जुन्या इंग्रजीत 'पिट्ट' झालं. फ्रेंचमध्ये त्याच शब्दाचं 'प्वी' झालं आणि अर्थ विहीरच राहिला. इंग्रजांकडे विहिरीचा खड्डा झाला, खड्ड्याचं रिंगण झालं. कोंबड्यांच्या झुंजी जिथे लावत त्याला कॉकपिट म्हणत: मधोमध गोल रिंगण आणि भोवती चढत जाणाऱ्या बाकांची कडी. सगळ्यात खालची जागा म्हणजे मधलं रिंगण. (विमानाचं कॉकपिटही याच घरातलं. आधी कोंबड्या, मग जहाजाच्या पोटातली कोंदट जागा, मग वैमानिक.)

आता थेटर. शेक्सपिअरच्या काळातल्या उघड्या थेटरांत रंगमंचासमोर जे मोकळं आवार असे त्याला पिट म्हणत नसत, 'यार्ड' म्हणत. वर आभाळ, खाली जमीन. एक पेनी देऊन उभं राहायचं. गॅलरीत बसायचं तर आणखी एक पेनी. ही जागा म्हणजेच पिट असं बऱ्याच ठिकाणी ठोकून दिलेलं असतं, ती चूक स्मरणिकेत नको.

पिट हा शब्द आला बंदिस्त, छपराच्या थेटरांतून. ड्रुरी लेनमध्ये झुंजीचं एक कॉकपिट होतं. क्रिस्टोफर बीस्टन नावाच्या नटाने ते १६१६ मध्ये घेतलं आणि त्याचं थेटर केलं. पुढच्याच वर्षी शिकाऊ कामगारांच्या जमावाने ते फोडलं, त्याने पुन्हा उभं केलं आणि नाव ठेवलं फिनिक्स. लोक मात्र कॉकपिटच म्हणत राहिले. अशा जागी प्रेक्षक बसणार कुठे, तर जिथे कोंबड्या लढायच्या तिथे. बहुतेक कोशकार पिटाचा उगम सांगताना याच कॉकपिटाकडे बोट दाखवतात. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत थेटराच्या तळमजल्यावरच्या बसायच्या जागेला सर्रास पिट म्हणायला लागले होते.

आता तुमच्या स्वस्त तिकिटाच्या प्रश्नाकडे. पिट हे सुरुवातीला स्वस्त नव्हतंच. १६६० नंतर लंडनची थेटरं पुन्हा उघडली तेव्हाचे दर असे: बॉक्स चार शिलिंग, पिट अडीच, मधली गॅलरी दीड, सगळ्यात वरची गॅलरी एक शिलिंग. म्हणजे पिट दुसऱ्या नंबरचं महाग. बाकांना पाठ नसे, वर हिरवं कापड ठोकलेलं असे. तिथे बसायचे शहरातले शौकीन, टीकाकार आणि दिसायला आलेले लोक. शेरे तिथूनच यायचे आणि नाटक पडायचं तेही तिथेच. गडबड करणारी गरीब मंडळी माळ्यावर.

पिट घसरलं एकोणिसाव्या शतकात. मालकांच्या लक्षात आलं की रंगमंचासमोरच्या बाकांवर नंबर नसल्यामुळे जो आधी घुसेल तो बसतो, आणि त्या जागेचा म्हणावा तसा पैसा येत नाही. मग त्यांनी पुढच्या काही रांगा काढून तिथे हातांच्या, नंबर टाकलेल्या, आगाऊ राखता येणाऱ्या खुर्च्या बसवल्या. त्यांना नाव दिलं 'स्टॉल'. दर काही वर्षांनी स्टॉलच्या एक-दोन रांगा वाढायच्या आणि पिट तेवढंच मागे सरकायचं. शेवटी ते पहिल्या सज्जाखाली, अंधारात, मागच्या भिंतीला टेकलं. आता मात्र ते स्वस्त झालं. १८८० मध्ये लंडनच्या हेमार्केट थेटरात पिट साफ काढून टाकलं, तेव्हा पहिल्याच रात्री 'पिट कुठे आहे?' असा ओरडा होऊन प्रयोग सुरू करता येईना.

आपल्याकडे शब्द आला तो याच काळात. मुंबईत इंग्रजांचं पहिलं थेटर १७७६ चं, बॉम्बे ग्रीनवरचं. ग्रँट रोडचं १८४६ चं. विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने १८५३ मध्ये त्याच ग्रँट रोडला खेळ केले. विलायती घाटाचं थेटर आलं की तिकिटांची विलायती उतरंडही आली: बॉक्स, ड्रेस सर्कल, स्टॉल, गॅलरी, पिट. मराठी माणसाच्या कानावर पिट पडलं ते घसरल्यानंतरचं. १६६० नंतरचं, दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळातलं रुबाबदार पिट आपल्याला माहीतच नाही.

पाणिनीचाशेजारी

वरचा इतिहास ठीक. 'पीठ' पक्षाचं व्याकरणाने काय होतं तेवढं सांगतो, कारण संपादक मंडळात हाच पक्ष सगळ्यात मोठ्याने बोलणार.

मराठीत दोन 'पीठ' आहेत. एक दळलेलं, 'पिष्ट'वरून आलेलं, तद्भव. दुसरं आसनाचं, संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं, तत्सम. प्रत्यय लागला की दोघांचं वागणं वेगळं होतं. तद्भव शब्दाचा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, दीर्घ ई ऱ्हस्व होतो, म्हणून भाकरी 'पिठात' थापतात. तत्समाचा होत नाही, म्हणून विद्यार्थी 'विद्यापीठात' जातो आणि वक्ता 'व्यासपीठावर' चढतो. तेव्हा आसनाच्या पीठावरून शब्द आला असता तर तो 'पीठातला प्रेक्षक' झाला असता. आपण म्हणतो 'पिटातला'. ई ऱ्हस्व, आणि वर ठ चा ट. दोन्ही गोष्टी एकदम बिघडायला काही कारण दिसत नाही.

ठ चा ट होतो का? मराठीत शब्दाच्या शेवटचा महाप्राण, म्हणजे ख, थ, ठ यांतला ह, कधीकधी सुटतो. हाथचा हात झाला, भूखचं भूक झालं. पण ठ बहुधा चिवटपणे टिकतो: काठ, मूठ, ओठ, आठ, साठ. कुणीतरी लगेच 'वीट' काढेल, इष्टकेतल्या ष्ट चा ट झाला म्हणून. तर तिथे प्राकृतातच 'इट्टा' झालेलं होतं. मराठीने ठ सोडलेला नाही, तिच्या हाती आला तोच ट.

टाळ्या पिटणारे म्हणून पिट, ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, इतकंच. 'पिटणे' या क्रियापदावरून जागेचं नाव होत नाही. दवंडी पिटतात त्या चौकाला कुणी पिट म्हणत नाही.

लेखन: पिट किंवा पीट, दोन्ही चालवून घेतात. अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ, या नियमाने 'पीट' व्हावं, पण उच्चार आखूड आहे आणि छापात 'पिट' जास्त सापडतं. 'पिटात', 'पिटातला', 'पिटासाठी' ही रूपं दोन्हीकडून ऱ्हस्वच होतात, त्यामुळे वाद फक्त मूळ शब्दापुरता. मी 'पिट' छापीन.

पण पीठवाल्यांना अगदी हात हलवत घरी पाठवू नका. त्यांचा शब्द थेटरात आहेच, पिटापेक्षा कितीतरी जुना. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय सगळा नाट्यगृहाच्या बांधणीवर आहे. नट उभा राहतो ते 'रंगपीठ'. प्रेक्षक बसतात ती आसनं 'सोपानाकृति पीठक', म्हणजे जिन्यासारखी चढत जाणारी, विटांची आणि लाकडाची. पहिली रांग जमिनीपासून एक हात उंच आणि पुढची प्रत्येक रांग तिच्या आधीचीपेक्षा एक हात वर, का तर रंगपीठ दिसावं म्हणून. एक हात म्हणजे चोवीस अंगुळं, साधारण दीड फूट. गोदाघाटाच्या पायऱ्यांवर बसून समोरचं पाहणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

म्हणजे इंग्रजांचं पिट खाली जातं आणि आपलं पीठ वर चढतं. शब्द कानाला जुळे वाटतात, दिशा मात्र बरोबर उलट्या.

दगडीपार

दोघांचेही आभार. पीठवाले अर्धे गप्प झालेत, अर्धे भरतमुनींमुळे खूश आहेत.

पण पैशाचं कोडं अजून सुटलेलं नाही. लंडनमध्ये पिट मागे सरकून स्वस्त झालं म्हणता. आपल्याकडे सिनेमाच्या थेटरात पिट म्हणजे पडद्याला नाक लावलेल्या पहिल्या रांगा. तेही स्वस्तच. नाटकाला त्याच रांगा महाग. एकच शब्द एवढा फिरला कसा?

तिसरीरांग

शब्द फिरला नाही, पाहायची वस्तू बदलली. याचं उत्तर कोशापेक्षा मोजपट्टीत लवकर सापडतं.

आधी नाटक. जिवंत माणूस, जिवंत आवाज. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. चार मीटरवर बसलेल्याच्या मानाने सोळा मीटरवरच्याला तो १२ डेसिबलने कमी मिळतो. भिंती-छतावरून परत येणारा आवाज थोडी भर घालतो, पण शब्दाची धार जाते ती जातेच. चेहऱ्यावरचा भाव साधारण वीस मीटरपलीकडे वाचता येत नाही, म्हणून नाटकाच्या थेटरात शेवटची खुर्ची त्याच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. भरताचं मधलं आयताकृती नाट्यगृह ६४ हात लांब, ३२ रुंद. त्यातलं अर्धं प्रेक्षकांचं, म्हणजे खोली ३२ हात, जवळजवळ साडेचौदा मीटर. त्याहून मोठं का नको याची कारणंही तो हीच देतो: पाठ्य बेसूर होईल आणि मुखावरचा भाव अस्पष्ट होईल.

नाटकात जवळची जागा भारी ती यामुळे. पण जवळ म्हणजे सपाटीवर चालेल असं नाही. खुर्चीत बसलेल्याचा डोळा जमिनीपासून साधारण ११२ सेंमी वर असतो, आणि डोळ्यापासून डोक्याच्या माथ्यापर्यंत १२ सेंमी. रांगांमध्ये ९० सेंमी अंतर, रंगमंच १०५ सेंमी उंच आणि जमीन सपाट धरा. तुमची नजर पुढच्या डोक्यावरून जाताना दर ९० सेंमीला १२ सेंमी चढते. तुम्ही रंगमंचाच्या कडेपासून १२ मीटरवर असाल तर तिथवर ती १६० सेंमी चढली, म्हणजे जमिनीपासून २७२ सेंमीवर पोचली. त्यातून रंगमंच वजा करा, उरले १६७. कडेला उभ्या असलेल्या मध्यम उंचीच्या नटाचे केस दिसतील, बाकी नट पुढच्या बाईंच्या अंबाड्यामागे. हाच हिशोब सहा मीटरवर ८७ सेंमी येतो, कमरेपासून वर दिसतं. खुर्च्या एकाआड एक रांग अर्ध्या खुर्चीने सरकवल्या की अडवणारं डोकं दोन रांगा पुढचं होतं, नजरेचा चढ निम्मा होतो आणि १२ मीटरवरही ८७ सेंमीच जातात. मंगल कार्यालयात नाटक लावताना एवढं केलं तरी निम्म्या तक्रारी मिटतात. सरळ ओळीत खुर्च्या मांडायची हौस तेवढी आवरावी लागते. भरताचा हातभर चढ असेल तर पुढच्याने पागोटं घातलं तरी बिघडत नाही.

आता लंडनचं मागे सरकलेलं पिट. ते सज्जाखाली गेलं. सज्जाखालची खोली त्याच्या तोंडाच्या उंचीच्या दुपटीपेक्षा जास्त झाली की आत आवाज बसका येतो, छतावरून परतणारा आवाज तिथे शिरतच नाही. वर सज्जाची कड आडवी येते, त्यामुळे देखाव्याचा वरचा भाग कापला जातो. म्हणून स्वस्त.

आणि सिनेमा. इथे जवळ जाऊन काही मिळत नाही, उलट जातं. पडदा सहा मीटर उंच आणि त्याची खालची कड जमिनीपासून दीड मीटरवर धरा. वरची कड साडेसात मीटरवर, डोळ्याच्या ६.३८ मीटर वर. पहिल्या रांगेतून पडद्याची वरची कड पाहताना मान ३५ अंशांपेक्षा जास्त वर जाऊ नये असा आखणीचा दंडक आहे. त्या हिशोबाने पहिली रांग पडद्यापासून किमान नऊ मीटरवर हवी. जुन्या एकपडदा थेटरांत जागा वाया जाऊ नये म्हणून ती साडेचारवर असली, तर कोन ५५ अंशांच्या घरात जातो. तीन तास मान मोडून बसायचं, नायकाची हनुवटी मोठी आणि कपाळ निमुळतं, पडद्यावरची बारीक भोकं दिसतात (स्पीकर मागे असतात, आवाज बाहेर यावा म्हणून पडदा भोकांचा असतो), आणि त्याच स्पीकरचा सगळा मारा अंगावर. बाल्कनीतल्याची नजर मात्र पडद्याच्या मध्याच्या आसपास आणि सरळ. म्हणून बाल्कनी महाग, पिट स्वस्त.

थोडक्यात आपल्याकडे पिट हे नाव तळाच्या, स्वस्त जागेला चिकटलं. सिनेमात ती जागा सगळ्यात पुढे आली, कारण तिथे वाईट जागा पुढे असते.

आणि यातली गंमत: आज कालिदासला नाटकाची बाल्कनी स्वस्त असते आणि पहिल्या रांगा महाग. तेव्हा 'पिटातला प्रेक्षक' या शब्दात जो माणूस अभिप्रेत आहे तो नाटकाला आला तर बाल्कनीत बसेल. टीकाकार बिचारे अजून खाली बघून नाकं मुरडतात.

मधलीसुट्टी

इंग्रजीत नाकं वर बघून मुरडतात. स्वस्त टाळी घेणाऱ्या नटाला ते 'गॅलरीकडे बघून खेळतो' म्हणतात, कारण त्यांची सगळ्यात स्वस्त जागा माळ्यावर. तिला 'गॉड्स'ही म्हणत, रंगवलेल्या छतातल्या देवांच्या शेजारची म्हणून. फ्रेंचांचं 'पारादी', म्हणजे स्वर्ग, तेही तेच. तेव्हा इंग्रजी मजकुराचं मराठी करताना गॅलरीची गॅलरी ठेवली तर आपल्या वाचकाला ती चाळीतली वाटेल. तिथे 'पिटातल्या टाळ्या' हेच बरोबर भाषांतर. मजला चुकला तरी अर्थ जुळतो.

पानावर जागा असेल तर शेजारचे शब्दही घ्या, एकेका ओळीत होतील. स्टॉल हा मुळात उभं राहायच्या जागेचा शब्द, गोठ्यातल्या जनावराच्या कप्प्याचा. पुढे चर्चमध्ये गाणाऱ्यांची हातांची वेगवेगळी आसनं स्टॉल झाली, तिथून थेटरात आला. प्रत्येकाचा कप्पा वेगळा, हा अर्थ तिन्हीकडे कायम. चहाचा स्टॉलही त्याच कुळातला. ड्रेस सर्कल म्हणजे पहिला सज्जा, सर्कल त्याच्या अर्धगोल आकारामुळे आणि ड्रेस यासाठी की तिथे संध्याकाळच्या औपचारिक पोशाखातच जावं लागे. बाल्कनी इटालियन 'बाल्कोने', मुळात तुळई किंवा फळ्यांचा माळा. आपला 'सज्जा' म्हणजे हिंदीतला छज्जा. छ चा स होणं मराठीत नेहमीचंच, छुरीची सुरी झाली तसा. कोच हा इंग्रजी, आडवं होण्याच्या फ्रेंच क्रियापदावरून, आणि खुर्ची अरबी कुर्सी, फारसीतून आलेली. आपल्या तिकिटावरची शुद्ध मराठी वस्तू शोधायला गेलं तर 'जमीन' सापडावी, तंबूतल्या खेळाची, तर तीही फारसी निघते.

चित्रपट, बोलपट, मध्यंतर हे शब्द आपल्या भगूरच्या सावरकरांनी घडवले आणि रुळलेही. पिटाला मात्र मराठी प्रतिशब्द रुळला नाही. रुळायचं कारणही नव्हतं, लोकांना तो मराठीच वाटत होता. तुमच्या संपादक मंडळालाही वाटला की.

जुनीजाहिरात

दोन खबरदाऱ्या. अमेरिकन पुस्तकातून काही घेत असाल तर तिथे तळमजल्याच्या महाग खुर्च्यांना 'ऑर्केस्ट्रा' म्हणतात. 'तो ऑर्केस्ट्रात बसला होता' याचं भाषांतर करताना त्याच्या हातात व्हायोलिन देऊ नका. ग्रीक थेटरात ऑर्केस्ट्रा म्हणजे कोरस नाचायचा ती गोल जागा, शब्दाचा मूळ अर्थच नाचण्याचा. मग वादक तिथे बसायला लागले, मग वादकांनाच ते नाव पडलं.

दुसरी, 'ऑर्केस्ट्रा पिट' वेगळं. रंगमंच आणि पहिली रांग यांच्यामधला वादकांचा खोलगट भाग. तिथे खड्डा अजून खराखुरा आहे. वाग्नरने १८७६ मध्ये बायरॉइटला तो इतका खाली आणि झाकून घेतला की वादक प्रेक्षकाला दिसतच नाहीत. संगीत नाटकाची ऑर्गन-तबल्याची साथ रंगमंचासमोर खालच्या बाजूला बसते, त्या जागेलाही कुणी पिट म्हणत असेल तर तो हा अर्थ. 'पिटातला प्रेक्षक'शी त्याची गल्लत नको.

फ्रेंच 'पार्तेर' कुठे आलं तर ते पिटाचंच भावंड, शब्दशः 'जमिनीवर'. पॅरिसमध्ये तिथे लोक १७८२ पर्यंत उभेच असत. त्या साली नव्या थेटरात बाकं आली.

दगडीपार

हे असं लावतोय, बघा:

'पिट: थेटरातली तळमजल्याची, स्वस्त दराची बसायची जागा. इंग्रजीतून. मूळ अर्थ खड्डा. कोंबड्यांच्या झुंजीच्या रिंगणावरून थेटरात आला. शेक्सपिअरच्या काळी पिटात एक पेनीला उभं राहून नाटक पाहत. सिनेमात पडद्याजवळच्या रांगा. पिटातला प्रेक्षक: सामान्य, उत्स्फूर्त दाद देणारा प्रेक्षक. संस्कृत पीठ या शब्दाशी संबंध नाही.'

जुनीजाहिरात

एक पेनीचं वाक्य काढा. ते यार्ड, पिट नव्हे. त्याऐवजी 'सतराव्या शतकात प्रतिष्ठित, एकोणिसाव्यात स्वस्त' एवढं घाला, शब्दाचा सगळा प्रवास त्यात येतो.

पाणिनीचाशेजारी

'उत्स्फूर्त दाद देणारा' हे सौजन्य झालं. शब्दाला तुच्छतेची छटा आहे ती लिहा, नाहीतर 'पिटासाठी टाकलेलं वाक्य' याचा अर्थ लागणार नाही. 'काहीशा हेटाळणीने' हे दोन शब्द पुरेत. आणि 'पीठाशी' असं दीर्घ लिहा कुठे प्रत्यय लावलात तर.

आणखी एक. फोनवरचा कळफलक 'पिटात'ला न विचारता 'पिठात' करतो. फाइल देण्याआधी 'पिठात' हा शब्द शोधून बघा.

दगडीपार

दोन्ही दुरुस्त्या केल्या. शोधलं, तीन ठिकाणी सापडलं. पान १९ वर अध्यक्षांच्या मनोगतात: 'या नाटकाने पिठातल्या प्रेक्षकालाही खिळवून ठेवले.'